रेशमी सुया पुरेशा नाहीत

भिंगाखाली खड्याच्या आत रुटाइल या खनिजाच्या रेशमासारख्या सुया अखंड दिसल्या की गुलाबी नीलम तापवलेला नाही, हे म्हणणे मादागास्करच्या खड्यांना लागू पडत नाही. त्यांतली जांभळट झाक घालवण्यासाठी ते बरेचदा १००० अंश सेल्सिअसहून कमी तापमानात तापवले जातात आणि त्या सुया तशाच टिकतात. म्हणून जीआयए किंवा एसएसईएफसारख्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागावाच. मात्र खाणकामगाराला मोबदला काय मिळाला हे त्या अहवालात नसते, आणि मला तीच बाब अधिक महत्त्वाची वाटते. खडा कोणत्या खाणीतला, पैलू कुठे पाडले, मधे किती हात बदलले, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. नुसते ‘श्रीलंका’ एवढेच उत्तर मिळाले, तर रंग कितीही मोहक असला तरी मी तो खडा घेणार नाही.