उसात सेन्सर रोवून पाणी वाचतं का?

कृष्णाकाठ: काल एकानं पोस्ट टाकलीय, "रानात ओलीचा सेन्सर लावा, पाण्याची चिंता मिटली." वाळव्यात येऊन बोला. आमचं रान क्षारपड. दोन दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, मोजतो; मीठ वाढलं की करंट सहज जातो आणि कोरडी माती ओली दिसते. त्यात दांड्या गंजतात. माझ्या दांडीवरचा मुलामा एका हंगामात उडाला, खाली हिरवट तांबं उघडं पडलं.

मिरज_सर्किट: दादा, जुन्या तंत्राचा राग नव्यावर काढू नका. नव्या कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये धातू मातीला लागतच नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे विद्युतभार साठवायला किती मदत होते तो आकडा, ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा ३ ते ५. तो फरक मोजतात.

कृष्णाकाठ: मीठ तिथंही नडतंच. आणि काळं रान भेगाळलं की सेन्सरभोवती हवा शिरते, त्याचं काय?

मिरज_सर्किट: ५५५ टायमर चिपच्या स्वस्त बोर्डाला मीठ नडतं, मान्य. फ्रिक्वेन्सी वाढवली की मिठाचा परिणाम कमी होतो. म्हणून तर चांगले सेन्सर ७० मेगाहर्ट्झच्या आसपास चालवतात. भेगांचं तुमचं बरोबर आहे.

कराड_ऊस: सेन्सर म्हणेल आत्ता पाणी द्या. लाईट कुठाय? आठवडाभर रात्रीची पाळी. परवा चुलतभाऊ बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला, दारं मोडायला गेला आणि बांधावर बिबट्या!

तासगाव_बाग: आमच्याकडंही तेच. सौर फीडर, म्हणजे सौर विजेवरची शेतीची लाईन, झाला तिथं दिवसा लाईट आली म्हणतात, आमचा नंबर कधी?

कराड_ऊस: आधी दिवसा लाईट द्या, मग शिकवा!

मिरज_सर्किट: विषय सेन्सरचा आहे हो.

कराड_ऊस: रात्री उसात कधी उतरलायत? मग विषय कळेल.

तासगाव_बाग: भांडू नका. द्राक्षाच्या फळछाटणीनंतर पान किती तास ओलं राहिलं हे सेन्सर सांगतो, त्यावर डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी ठरवतो. मागच्या हंगामात दोन-तीन फवारण्या टळल्या. ऊसवाल्यांनी सरसकट नावं ठेवू नयेत.

कृष्णाकाठ: द्राक्षाला परवडतं, बाबा. उसाला पाटानं पाणी देणाऱ्याला आधी ठिबक हवं. ते नसताना सेन्सर विकणं मला पटत नाही.

मिरज_सर्किट: ठिबकाचं पटलं. पण सेन्सरचं रीडिंग आपल्या मातीशी जुळवून घ्या. नमुना तोला, १०५ अंशाला २४ तास वाळवा, परत तोला; घटलेलं वजन म्हणजे पाणी, ते रीडिंगशी ताडून बघा.

कृष्णाकाठ: एवढं करून बघेन. पाणी वाचतं हे मात्र अजून मानलेलं नाही.