मदत हवी आहे: क्रोशाच्या फुलांचा बीच कव्हरअप – बगल, गळा आणि वजन

क्रोशेवाली, शहापूर

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूरला राहते. क्रोशाची तोरणं, रुमाल, बाळांच्या कुंच्या, शाली असं बरंच करते. पण मोठ्या माणसाच्या अंगात घालायचा कपडा, तोही फुलं जोडून, हे पहिल्यांदाच करायला घेतलंय. म्हणून इथल्या जाणत्या हातांना विचारतेय.

भाची बेंगळुरूला नोकरी करते. डिसेंबरात मैत्रिणींबरोबर गोकर्णला जाणार आहे. पोहण्याच्या कपड्यांवरून चढवायला तिला जाळीदार, बिनबाह्यांचा, मांडीपर्यंत येणारा अंगरखा हवाय. बाजारात असले तयार मिळतात, पण तिचं म्हणणं, "मावशी, मला तुझ्या हातचाच पाहिजे." पोरीनं इतक्या हौसेनं मागितलंय तर तो तिनं खरोखर वापरावा. पाण्यातून बाहेर येऊन अंगावर घ्यावा, वाळूत बसावं, धुवावा, परत घालावा. फोटोपुरता घालून कपाटात जायला नको.

फुलाचा नमुना ठरवलाय. सहा पाकळ्यांचा, सहा कोनांचा. सहा साखळ्यांची गोल कडी. पहिल्या फेरीत कडीत १२ खांब (सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके). दुसऱ्या फेरीत एक खांब सोडून तीन-तीन साखळ्यांच्या सहा कमानी. तिसऱ्या फेरीत प्रत्येक कमानीत एक सिंगल क्रोशे (बिनवेढ्याचा बुटका टाका), एक अर्धा खांब (त्या दोन्हींच्या मधल्या उंचीचा), तीन खांब, परत अर्धा खांब आणि सिंगल क्रोशे, की झाली पाकळी. चौथ्या फेरीत पाकळ्यांच्या पाठीमागून पाच-पाच साखळ्यांच्या कमानी. पाचव्या फेरीत त्या प्रत्येक कमानीत चार खांब, दोन साखळ्या, चार खांब. पाकळी त्या मागच्या कमानीमुळे थोडी उचलून येते आणि फूल जाळीवर ठेवल्यासारखं दिसतं. मला त्यातलं हेच फार आवडलंय. मध्य अबोली रंगाचा, बाकी सगळं मोतिया.

दोरा मर्सराइज्ड (चकाकी येण्यासाठी प्रक्रिया केलेलं) निटिंग कॉटन, सुई ३ मिमी. पाण्यात भिजवून, टाचण्या लावून वाळवलं की फूल एका सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत ७ सेंमी भरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा फुलं एकत्र ठेवली तर ३० ग्रॅम, म्हणजे एक फूल साधारण ३ ग्रॅमचं.

भाचीची छाती ९२ सेंमी. सैल हवा म्हणून घेर ११२ धरला, म्हणजे एका ओळीत १६ फुलं. खांद्यापासून लांबी ८४ सेंमी. इथपर्यंत सरळ आहे. पुढं अडतंय ते असं:

बगल आणि गळा कसा काढायचा? चौकोनी तुकडे असते तर कापडासारखा हिशेब झाला असता. षटकोन एकात एक बसतात, त्यामुळे कड सगळीकडे दातेरी येते. बगलेत ते दाते टोचतील का, आणि खांद्याला पुढची-मागची बाजू जोडताना टोकाला टोक येणार, त्याचं काय करायचं?

फुलं सगळी करून ठेवून मग शिवून जोडावीत, की विणतानाच?

वजनाचीही काळजी आहे. सुती दोरा ओला झाला की जड होतो हे सगळ्यांना माहीत आहे. खांद्यातून लोंबणार नाही ना?

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे की आतून अस्तर लाव. लावू का? त्यांचा मान ठेवायचाय, पण अस्तर लावल्यावर तो समुद्रावरचा कपडा राहतो का हे कळेना.

गणपत गल्लीत आणि खडेबाजारात दोरा मिळतो. लागणारा सगळा एकदमच घ्यायचाय, तेव्हा अंदाज पक्का झाला तर बरं.

---

निपाणीकर

ताई, नमुना सुरेख आहे. फेऱ्या इतक्या नीट लिहिल्यात की वाचतानाच हातात सुई घ्यावीशी वाटली.

विणतानाच जोडा. दोनशे फुलं नंतर शिवायची म्हणजे दोनशे फुलांची प्रत्येकी सहा बाजू, आणि शिवणीच्या गाठी वापरात सैल होऊ शकतात. पाचव्या फेरीत कोपऱ्याच्या दोन साखळ्या येतात ना, तिथं एक साखळी घ्या, शेजारच्या फुलाच्या कोपऱ्याच्या कमानीत स्लिप स्टिच (नुसता जोडायचा, उंची नसलेला टाका) टाका, मग दुसरी साखळी आणि पुढचे चार खांब. बाजूच्या मध्यावर, म्हणजे चौथा खांब झाल्यावर, अजून एकदा शेजारच्या मध्याला पकडा. फक्त कोपरे पकडले तर मध्ये फटी राहतात आणि ओझं आलं की त्या डोळ्यासारख्या उघडतात.

चार फेऱ्यांपर्यंतची फुलं आधी करून डब्यात भरून ठेवायची. प्रवासात, टीव्हीसमोर, कुठंही होतात. पाचवी फेरी मात्र टेबलावर सगळं पसरून.

---

खानापूर रोड

खांद्याला शिवण घालायचीच नाही. फुलांची एक अख्खी ओळ खांद्यावर आडवी ठेवायची, जिचा खालचा भाग पुढच्या बाजूला आणि वरचा पाठीला जोडला जाईल. षटकोन जसे खाली एकात एक बसलेत तसेच खांद्यावरून पलीकडे उतरतात, टोकाला टोक येतच नाही.

तुमच्या मापावर मांडून बघितलं. ७ सेंमीच्या षटकोनात, टोक वर ठेवून मांडला तर, एक ओळ उंचीला साधारण ६ सेंमी वाढवते. सात नाही, कारण टोकं एकमेकांत शिरतात. म्हणजे ८४ सेंमीला १४ ओळी.

खालच्या १० ओळी गोल विणायच्या, प्रत्येकी १६ फुलं. गोलात अर्धं फूल कुठंच लागत नाही. मग दोन्ही बगलांना दोन-दोन फुलं सोडायची, पुढं ६ आणि मागं ६ उरतात. त्याच्यावरची ओळ अर्ध्यानं सरकते म्हणून ५, त्याच्यावर परत ६. मग खांद्याची सामाईक ओळ. त्यात पाच जागा येतात, मधल्या तीन गळ्यासाठी मोकळ्या, दोन्ही टोकांना एकेक फूल. गळा पुढून खोल हवा तर पुढच्या बाजूच्या शेवटच्या सहातली मधली दोनही सोडा. व्ही आकार आपोआप येतो, वेगळं काही घटवायला लागत नाही. बगल २१ सेंमी खोल मिळते, बिनबाह्यांच्या कपड्याला पुरेशी आहे.

बेरीज: १६० + पुढे १५ + मागे १७ + खांद्याची २ = १९४ पूर्ण फुलं. बगलेची कड सरळ करायला ६ अर्धी. अर्धं फूल करताना कडी पूर्ण फिरायची नाही, प्रत्येक फेरीअखेर काम उलटवून मागं यायचं. दोन पूर्ण पाकळ्या मध्ये आणि दोन टोकांना अर्ध्या पाकळ्या. कोपरा तुमच्या नमुन्यात पाकळीच्या बरोबर मागे येतो, म्हणून टोकाची पाकळी अर्धीच करावी लागते.

घेराची खालची कड मात्र दातेरीच ठेवा, फार शोभून दिसते. टोकावर तीन साखळ्यांचा एक पिको (बारीक टोकदार फास), बस.

---

दोन सुया

हिशेब पटला, पण १९४ फुलं म्हणजे जवळजवळ ६०० ग्रॅम कोरडं वजन. भिजल्यावर हा अंगरखा गुडघ्यापर्यंत येईल. मला वाटतं सगळा फुलांचा करूच नये.

आयरिश क्रोशाची पद्धत आठवा. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधल्या बायकांनी ज्या कामावर घरं सावरली तेच हे. फुलं-पानं वेगळी करायची आणि मधली सगळी जागा हलक्या जाळीनं भरायची. फुलं थोडी असतात पण कपडा फुलांचाच दिसतो. तुम्ही वरची छाती-खांद्याची फुलं ठेवा, बगलेखालच्या दोन ओळी ठेवा, घेराच्या दोन ठेवा. मधल्या सहा ओळी काढून तिथं एक खांब, दोन साखळ्या अशी साधी जाळी घाला. ९६ फुलं कमी होतात आणि त्या जागेचं वजन निम्म्याहून खाली येतं.

दातेरी कडेवरून जाळी सुरू करण्याआधी एक फेरी कड सपाट करायला घालावी लागेल. टोकावर सिंगल क्रोशे, उतारावर अर्धा खांब मग खांब, आणि खोलात सुईवर दोरा दोन-तीनदा गुंडाळून लांब खांब. या फेरीत घाई नको. टाके कमी पडले तर कंबरेला चिमटा बसतो, जास्त झाले तर झालर येते.

अस्तराबद्दल: नको. सुती अस्तर अंगाला ओलं चिकटून राहतं, जाळीचा सगळा उपयोग जातो. मोठ्यांचं मन राखायचं तर छातीवरच्या फुलांना २.५ मिमीची सुई वापरून बघा, वीण दाट येते. पण तेवढी फुलं लहान भरतील, म्हणून त्यांच्या पाचव्या फेरीला मोठी सुई घ्यायची, बाहेरचं माप सारखं यायला पाहिजे.

---

क्रोशेवाली, शहापूर

काय सांगू, कागदावर पेन्सिलनं षटकोन काढून खांद्याची ओळ दुमडून बघितली आणि बरोबर बसली! खानापूर रोड, तुमचे मनापासून आभार. हे मला स्वतःहून सुचलं नसतं.

जाळीचं म्हणणं भाचीला फोटोसकट पाठवलं. तिला उलट ते जास्त आवडलं, "मावशी, वारा लागेल" म्हणाली. तेव्हा मधली सहा ओळींची जाळी ठरली. अस्तर रद्द, छातीची फुलं दाट करते. घरातल्या मोठ्यांच्या हातात फुलं दिली तेव्हा त्यांनाही पटलं.

अबोली दोऱ्याचा रंग मोतियावर उतरेल का, याची धास्ती आहे. आणि खांद्यावर एकेकच फूल येतंय, सगळं ओझं त्या दोन फुलांवर. ताणून लांब होणार नाही?

---

निपाणीकर

रंगाची परीक्षा सोपी आहे. एक फूल मीठ घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवा, मग पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांत दाबून वाळवा. कापडाला डाग दिसला तर तो दोरा घेऊ नका. मीठ अशासाठी की शेवटी जायचंय समुद्रातच.

खांद्याला आतून सुती पट्टी लावा. परकराच्या नाडीसारखी चपटी, न ताणणारी, टेलरिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. पुढच्या गळ्याच्या कोपऱ्यापासून खांद्यावरून पाठीपर्यंत, बारीक टाक्यांनी, दोरा मोतियाच. पट्टी आधी एकदा पाण्यात भिजवून आटवून घ्या. सगळं ओझं पट्टी घेते, फूल नुसतं वर बसतं. गळ्याच्या आणि बगलेच्या कडेला सिंगल क्रोशेच्या दोन फेऱ्या घट्ट हातानं घाला, ती कडही ताण धरते.

---

खानापूर रोड

भाचीला एवढं सांगून ठेवा: त्याच दिवशी गोड्या पाण्यात खळबळून काढायचा, पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि आडवा पसरून वाळवायचा. दोरीवर टांगला की सगळं वजन खाली ओढतं. ओला तसाच पिशवीत कोंबून घाटावर आणला तर सुती दोऱ्याला वास धरतो. आमच्याकडे पावसात जांबोटीच्या बाजूला तर बंद कपाटातही धरतो, डिसेंबरात तेवढी भीती नाही.

---

दोन सुया

दोऱ्याचा अंदाज: ९८ फुलं म्हणजे ३०० ग्रॅमच्या आत. जाळीला आणि कडांना धरून सगळे मिळून मोतिया ४५० ग्रॅम घ्या, अबोली ५० ग्रॅम पुष्कळ झाला. दुकानात लेबलावरचा शेड नंबर तर बघाच, पण लॉट नंबरही (एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक) सगळ्या गुंड्यांवर एकच आहे का ते उजेडात नेऊन बघून घ्या. मोतियात लॉट बदलला की जोडलेल्या फुलांत लगेच दिसतो.