श्रीजेशनंतरचा गोल: दोन अर्धे गोलरक्षक की एक पूर्ण?

(भारतीय हॉकीवरच्या एका धाग्यातली चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आणि तारीख आहे.)

तिसरे सत्र (25 जून 2025)

बेल्जियमविरुद्धचा शेवटचा सामना 4-3 असा जिंकून आपल्या पुरुष हॉकी संघाने प्रो लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या युरोप दौऱ्यातली पराभवांची मालिका एकदाची थांबवली, पण तोपर्यंत सलग सात सामने हातचे गेले होते आणि नऊ संघांत आपण आठवे आलो. फेब्रुवारीत भुवनेश्वरच्या आठ सामन्यांत आपल्यावर 12 गोल झाले होते, तर जूनमधल्या आठ सामन्यांत ते 26 झाले. आघाडीफळी, पेनल्टी कॉर्नर, कर्णधार हरमनप्रीतची दुखापत यांवर भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी फक्त गोलरक्षणाबद्दल लिहितो.

8 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पेनला 2-1 हरवून गोलरक्षक श्रीजेश निवृत्त झाला आणि हॉकी इंडियाने त्याचा 16 हा जर्सी क्रमांकही निवृत्त केला. त्यानंतर कृष्ण बहादूर पाठक आणि सूरज करकेरा यांच्यात गोल वाटून दिला गेला, आणि हे ‘वाटून’ अक्षरशः खरे आहे, कारण अनेक सामन्यांत दोघे सत्रे (सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग) वाटून घेतात. श्रीजेश असतानाही प्रशिक्षक क्रेग फुल्टन ही पद्धत वापरत, पण तेव्हा मोठ्या सामन्यात कोण उभा राहणार याबद्दल कोणाच्याही मनात शंका नसे. आता ती शंका दोघा गोलरक्षकांच्याही मनात असावी असे मला वाटते.

हा संघ नव्याने बांधला जात आहे हे मान्य आहे आणि अशा काळात पराभव होणारच, त्याची तक्रार नाही. परंतु इमारत उभी करताना पाया दर पंधरा मिनिटांनी बदलत नाहीत. माझे म्हणणे इतकेच आहे की पाठक हा क्रमांक एकचा गोलरक्षक असल्याचे जाहीर करावे, त्याला सलग दहा-बारा पूर्ण सामने द्यावेत आणि त्यात त्याने चुका केल्या तर त्या सोसाव्यात.

अर्धविराम (25 जून)

आपण दिलेले आकडे बरोबर आहेत, पण त्यांची तुलना बरोबर नाही. भुवनेश्वरमध्ये आपण घरच्या मैदानावर स्पेन, जर्मनी, आयर्लंड आणि इंग्लंडशी खेळलो आणि त्यांतला आयर्लंड शेवटच्या क्रमांकावर राहून लीगबाहेर गेला. जूनमध्ये ऑलिंपिक विजेते नेदरलँड्स त्यांच्याच ॲम्स्टलवीनमध्ये, पुढे अर्जेंटिना, मग अँटवर्पला ऑस्ट्रेलिया आणि घरच्या प्रेक्षकांसमोर बेल्जियम असा क्रम होता. या दोन आठवड्यांची बेरीज एका पारड्यात आणि भुवनेश्वरची दुसऱ्या पारड्यात टाकून गोलरक्षकावर खापर फोडणे मला पटत नाही.

शिवाय सातपैकी सहा पराभव एकाच गोलाच्या फरकाने झाले, हे आपण लिहिलेच नाही. 1-2, 2-3, 3-4, 1-2, 2-3, 2-3 ही यादी पाहिली तर गोलरक्षण कोलमडलेल्या संघाचे चित्र दिसत नाही. एकट्या 3-6 च्या सामन्याने 26 चा आकडा फुगला आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध 2-0 ची आघाडी आपण गमावली, ती शेवटच्या सत्रात चेंडू मधल्या फळीकडे टिकत नव्हता म्हणून. गोलरक्षकाकडे पोहोचेपर्यंत चेंडूने तीन जणांना हुलकावणी दिलेली असते, आणि नावे मात्र चौथ्याला ठेवली जातात.

नेहरूनगर (26 जून)

मी पिंपरीच्या नेहरूनगरच्या पॉलिग्रासवर (कृत्रिम हिरवळीच्या मैदानावर) बरीच वर्षे गोलात उभा राहिलो. पातळी क्लबची होती, त्यामुळे माझा अनुभव तेवढ्याच वजनाने घ्यावा, पण सत्रे वाटून खेळणे म्हणजे काय ते मी भोगलेले आहे.

बाकावर पंधरा मिनिटे पॅड बांधून बसल्यावर शरीर थंड होते, हा त्यातला लहान भाग आहे. अंदाज थंड होतो, ही खरी अडचण आहे. आज टर्फवर पाणी किती आहे आणि चेंडू किकरला (गोलरक्षकाच्या पायातल्या जाड पॅडला) लागून किती लांब उडतो आहे, हे पहिल्या तीन-चार चेंडूंतच कळते. डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) डाव्या बाजूने येणाऱ्या फटक्याला नुसता पाय आडवा घालून भागत नाही. शेवटच्या क्षणी किकर थोडासा बाहेर वळवला तर चेंडू बाजूच्या रेषेकडे जातो, न वळवला तर तो सरळ पेनल्टी स्पॉटजवळ जाऊन थांबतो, आणि तिथे समोरच्याचा फॉरवर्ड स्टिक टेकवून वाटच पाहत असतो. हे वळण डोक्याने होत नाही, पावलाला ते आधीच ठाऊक असावे लागते. त्या दिवसाचे ते ज्ञान पंधरा मिनिटांत मिळते आणि नेमके तेव्हाच आपल्याला बाहेर बोलावले जाते.

दुसरी गोष्ट आवाजाची. श्रीजेशचा सामना मैदानावर बसून पाहिलेल्यांना आठवत असेल की तो सत्तर-ऐंशी मीटरवर चेंडू असतानाही बोलत असे. ‘डावीकडे ये’, ‘मागे कोण आहे बघ’, असे अखंड चालू असायचे. बचावपटू त्या आवाजावर पाठ टेकून खेळत असत. दर सत्राला आवाज बदलला की तो टेकू जातो, कारण एक गोलरक्षक बचावपटूला पुढे ढकलतो तर दुसरा त्याच प्रसंगी मागे ओढतो. म्हणून मूळ लेखाशी मी सहमत आहे, पण त्यातल्या नावाशी नाही. माझ्या मते ती संधी सूरजला मिळावी. मुंबईचा मुलगा म्हणून हे म्हणत नाही (थोडेसे म्हणतही असेन). पाठकच्या मागे राहण्यात त्याची उमेदीची वर्षे गेली आणि पुरेसे सलग सामने मिळाल्यावर तो काय करतो, हे कोणी पाहिलेलेच नाही.

वसईकर (26 जून)

नेहरूनगर यांचा मुद्दा वाचायला सुंदर आहे, पण त्याच पद्धतीने खेळून आपण 2023 मध्ये हांगझोऊला जपानला 5-1 हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले. श्रीजेश आणि पाठक यांनी तिथे सत्रे वाटून घेतली होती. तेव्हा कोणी पायाची आणि टेकूची उपमा दिली नव्हती.

दुसरा गोलरक्षक तयार नसल्याची किंमत काय असते हेही आठवावे. 22 जानेवारी 2023 रोजी भुवनेश्वरला विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध 3-3 बरोबरी झाली, शूटआउट (बरोबरीनंतर एकेक खेळाडू विरुद्ध गोलरक्षक अशी लढत) लांबत गेला, त्यात श्रीजेश दुखापत होऊन बाहेर गेला आणि पाठकला तसेच बाकावरून उठून उभे राहावे लागले. आपण हरलो आणि घरच्या विश्वचषकातून उपांत्यपूर्व फेरीआधीच बाहेर पडलो. फुल्टन त्यानंतर आले. एका प्रशिक्षकाने त्या संध्याकाळचा धडा घेऊन दोघांनाही सतत खेळते ठेवायचे ठरवले असेल, तर त्याला गोंधळ म्हणता येणार नाही.

तिसरे सत्र (26 जून)

वसईकर, हांगझोऊचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या जोडीत एक श्रीजेश होता. सत्रे वाटली तरी संघाची घडी एकाच माणसाभोवती बसलेली होती आणि पाठक त्या घडीत येऊन जात असे. आज घडी घालणाराच कोणी नाही, आणि आपण मात्र अदलाबदलीची सवय तेवढी वारशात घेतली आहे.

न्यूझीलंडच्या सामन्यावरून दुसरा गोलरक्षक सज्ज हवा एवढे सिद्ध होते. त्यासाठी त्याला दर तीन सामन्यांतला एक पूर्ण सामना द्यावा. अर्धा सामना देऊन दोघांनाही अर्धे ठेवण्याची गरज नाही.

अर्धविराम यांच्या आक्षेपातला अर्धा भाग मात्र मी मान्य करतो. प्रतिस्पर्धी वेगळे होते हे मी लिहायला हवे होते. पण एका गोलाच्या पराभवांबद्दल माझे मत नेमके उलटे आहे. सामना एका गोलाने हरला जातो तेव्हाच गोलरक्षकाचा एक जादा बचाव मोलाचा ठरतो. नेदरलँड्सविरुद्धच्या पहिल्या सामन्यात 1-1 असताना 58 व्या मिनिटाला थाइस व्हॅन डॅमने गोल केला. गेल्या वर्षी पॅरिसला ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व सामन्यात श्रीजेश गोलात होता; 17 व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर आपण उरलेला सामना दहा जणांनी खेळलो आणि 1-1 राखून शूटआउटमध्ये 4-2 जिंकलो. तिथेही बचाव फुटतच होता, आणि तरी चेंडू जाळ्यात जात नव्हता.

अर्धविराम (27 जून)

मग आपली तक्रार पाठक किंवा करकेरा यांच्याबद्दल नसून ते श्रीजेश नाहीत याबद्दल आहे, आणि तिच्यावर कोणत्याही प्रशिक्षकाकडे औषध नाही.

श्रीजेशचा स्वतःचा हिशेबही जरा मांडू या. त्याने 2006 मध्ये पदार्पण केले. एड्रियन डिसूझा आणि भरत छेत्री यांच्या मागे त्याने अनेक वर्षे काढली. 2011 च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे दोन पेनल्टी फटके अडवल्यावर लोकांना त्याचे नाव कळले, आणि पुढच्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये आपण एकही सामना न जिंकता बाराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आलो. त्या वेळी त्याचे वय 24 होते आणि त्या संघाबद्दलही असेच धागे निघाले असते. पुढे 336 सामने खेळलेला श्रीजेश आपल्या डोळ्यांसमोर आहे, लंडनचा नाही.

वसईकर (27 जून)

खरी अडचण कुठे आहे ते सांगतो. गेल्या हिवाळ्यात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, त्याचा सर्वांना आनंद झाला. पण तिथे गोलात कोण उभे होते ते आठवून पाहा. सूरमाकडे बेल्जियमचा व्हिन्सेंट व्हॅनाश, तमिळनाडूकडे आयर्लंडचा डेव्हिड हार्ट, विजेत्या बंगालकडे नेदरलँड्सचा पिरमिन ब्लाक. संघमालकांनी पैसे मोजून उत्तम गोलरक्षक आणले, त्यात त्यांचे काही चुकले नाही. परंतु ज्या हंगामात श्रीजेशची जागा भरायची होती, त्याच हंगामात आपल्या तरुण गोलरक्षकांनी दबावाखालचे सामने बाकावरून पाहिले. फॉरवर्डला परदेशी खेळाडूच्या शेजारी उभे राहून शिकता येते. गोलरक्षकाच्या शेजारी दुसरी जागाच नसते.

नेहरूनगर (27 जून)

वसईकरांशी माझे प्रथमच पूर्ण जमले. त्यात एवढेच जोडतो की खालच्या पातळीवर तर परिस्थिती याहून बिकट आहे. शाळेच्या संघात जो धावायला कंटाळतो त्याला पॅड बांधतात, आणि ते पॅडही मोठ्या भावाच्या मापाचे असतात. गोलरक्षकाला वेगळे शिकवणारा प्रशिक्षक मला तरी कधी मिळाला नाही; आमचे सर डीच्या टोकावरून वीस चेंडू मारायचे आणि शिट्टी वाजवून निघून जायचे.

अर्धविराम (28 जून)

नावावर वाद घालायचा असेल तर पाठक आणि करकेरा या दोघांपुरताच का घालावा? करकेरा ऑक्टोबरमध्ये तीस वर्षांचा होईल आणि पाठक त्याच्याहून दीड-दोन वर्षांनीच लहान आहे. संघबांधणी 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी असेल, तर फेब्रुवारीत प्रिन्सदीप सिंगला भुवनेश्वरच्या संघात घेतले होते तसे युरोपातही तिसऱ्याला न्यायला हवे होते. हरायचेच होते तर त्याला घेऊन हरलो असतो.

तिसरे सत्र (9 सप्टेंबर 2025)

राजगीरमध्ये परवा कोरियाला 4-1 हरवून आपण आशिया चषक जिंकला आणि 2026 च्या विश्वचषकात थेट प्रवेश मिळवला, म्हणून हा धागा पुन्हा वर काढतो. सात सामन्यांत आपल्यावर नऊ गोल झाले. गोलरक्षणाचा प्रश्न सुटला असे काही ठिकाणी वाचले, म्हणून विचारतो की यावरून खरेच काही कळते का? त्यांतला एक सामना आपण कझाकस्तानविरुद्ध 15-0 जिंकला. दुसरीकडे चीनने पहिल्याच दिवशी आपल्यावर तीन गोल केले.

वसईकर (9 सप्टेंबर)

हरल्यावर आकडे पुरावा ठरतात आणि जिंकल्यावर त्यांतून काही कळत नाही, हे सोयीचे आहे. चीनने पहिल्या सामन्यात तीन केले आणि त्याच चीनला आपण नंतर 7-0 ने हरवले, तेही आपणच लिहायला हवे होते.

नेहरूनगर (10 सप्टेंबर)

वसईकरांचा टोमणा रास्त आहे. तरीही मला एका ठिकाणी उत्तर हवे आहे. गेल्या ऑक्टोबरात दिल्लीला जर्मनीविरुद्धची दोन सामन्यांची मालिका 1-1 अशी बरोबरीत राहिली आणि आपण ती शूटआउटमध्ये 1-3 ने गमावली. शूटआउटमध्ये 23 मीटर रेषेवरून खेळाडू निघतो, त्याच्याकडे आठ सेकंद असतात आणि समोर गोलरक्षक एकटा असतो. तिथे सत्रे नसतात. विश्वचषकाच्या बाद फेरीत बरोबरी झाली तर कोणाला उभे करायचे, हे त्या दोघांना आज माहीत आहे का? मी गोलात असतो तर मला ते वर्षभर आधी कळायला हवे होते, कारण शूटआउटचा सराव वेगळा असतो. पुढे किती यायचे, कोणत्या पावलावर थांबायचे, फॉरवर्डने पाठ फिरवली की स्टिक घालायची की नाही, याची स्वतःची एक पद्धत बसायला शेकडो चेंडू जातात.

अर्धविराम (10 सप्टेंबर)

शूटआउटपुरता मी तुमच्या बाजूला येतो. त्यासाठी एक नाव ठरवावे आणि ते आत्ताच ठरवावे. ऑलिंपिकच्या 16 जणांच्या संघात बहुतेक देश एकच गोलरक्षक नेतात, त्यामुळे ही निवड लॉस एंजेलिसआधी करावीच लागणार आहे. मात्र ते नाव पाठकचे असावे, आणि यावर नेहरूनगर पुन्हा भांडणार हे मला ठाऊक आहे.

नेहरूनगर (10 सप्टेंबर)

भांडणारच. सूरजला आधी दहा शूटआउट खेळवा, मग बोलू.