टेंडरपर्यंत सगळे जागे, सही झाली की घोरायला सुरुवात. जीईबीच्या (गुजरात वीज मंडळाच्या) कंपन्यांच्या बोर्डावर बाहेरचा माणूस हवा की नको?

दांडियाबाजारी:
परवा रावपुऱ्यात चहा पिता पिता वाद झाला, त्यातून हा धागा. मित्राचं म्हणणं असं की आता सगळी टेंडरं ऑनलाइन निघतात, रेट उघडताना सगळ्यांना दिसतात, सगळ्यात कमी रेटवाल्याला काम मिळतं, मग तुझं पोट का दुखतं. अरे पण माझी तक्रार टेंडरची नाहीच आहे. टेंडरच्या दिवशी शंभर डोळे असतात, हरलेला ठेकेदारच सगळ्यात मोठा वॉचमन. सही झाल्यावर पुढची आठ-दहा किंवा पंचवीस वर्षं त्या करारात काय काय बदलतं ते कोण बघतं, हा माझा प्रश्न आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. आपण बडोदेकर अजून जीईबीच म्हणतो, पण १ एप्रिल २००५ पासून जीईबीच्या सात कंपन्या झाल्या. वर जीयूव्हीएनएल (गुजरात ऊर्जा विकास निगम), जिचं हेड ऑफिस इथेच रेसकोर्सला, ती सगळ्यांसाठी वीज विकत घेते. मग एक वीज बनवणारी, एक मोठ्या लायनींची आणि चार वाटणाऱ्या, त्यातली आपली एमजीव्हीसीएल, म्हणजे मध्य गुजरातची. बोर्डावर कोण बसणार ते सरकार ठरवतं, एमडी बहुतेक वेळा आयएएस, आला, फायली समजल्या, की बदली.

आता कच्छमधल्या मुंद्र्याचं बघा. टाटांचा ४००० मेगावॉटचा प्रकल्प, २००७ मध्ये करार, गुजरात धरून पाच राज्यं वीज घेणार, रेट युनिटला २ रुपये २६ पैसे. तेव्हा काय कौतुक झालं होतं! पुढे २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या किमतीचे नियम बदलले आणि कंपनी म्हणाली परवडत नाही, वाढवून द्या. वीजदरांचे निर्णय देणाऱ्या केंद्रीय आयोगाने वाढीव भरपाई मान्य केली, एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उडवली, सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणून इथला रेट बदलत नाही. विषय संपला ना? नाही. २०१८ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल यांची समिती नेमली, समितीने कंपनीला सवलत सुचवली आणि सरकारने ती मानली. मी म्हणत नाही की ते चूकच होतं. मी विचारतोय की या सगळ्यात वीज विकत घेणाऱ्या कंपनीचं बोर्ड नक्की काय करत होतं, कारण कोर्ट, आयोग, समिती, मंत्री सगळ्यांची नावं पेपरात आली, बोर्डाचं मी तरी कुठे वाचलं नाही.

म्हणून माझं मत, बोर्डावर किमान दोन माणसं बाहेरची हवीत, ज्यांची बदली होत नाही आणि ज्यांना घरी लाईटबिल येतं.

निवृत्त_डेप्युटी:
दांडियाबाजारी, तू लिहितोस छान पण बोर्डाची मीटिंग तू बघितलेली नाहीस, मी बाहेर फायली घेऊन तासन्‌तास उभा राहिलोय. (कंपनी कुठली ते सांगत नाही, नोकरीत दोन-तीन बघितल्या.) कायद्याने वर्षाला चार मीटिंगा, दोन मीटिंगांमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त गॅप नको. चार मीटिंगांत हजारो कामांचं काय बघणार? म्हणून अधिकार खाली वाटलेले असतात, इतक्या रकमेपर्यंत सुपरिंटेंडिंग इंजिनियर, तितक्यापर्यंत चीफ, वरचं एमडी, आणि त्याच्याही वरचं तेवढं बोर्डात. बाहेरचा माणूस बसवलास तरी त्याच्या टेबलावर तेच येणार जे आम्ही पाठवणार.

आणि मुंद्र्याचं अर्धंच सांगितलंस. करारातला रेट बदलायचा तर बोर्डाच्या मर्जीवर नाही, आयोगाकडे जावं लागतं, तिथे हरकती घेता येतात, किती लोक जातात ते विचार. बरं प्लांट बंद पडला असता तर ती वीज उन्हाळ्यात एक्स्चेंजमधून, म्हणजे विजेच्या बाजारातून, घ्यावी लागली असती, त्या रेटाला तूच इथे दुसरा धागा काढला असतास.

बाहेरचा माणूस म्हणजे शेवटी कोण येणार? कुणाचा तरी साडू. आमच्या वेळी वीज मंडळ होतं, कंपनी नव्हती, तेव्हाची अवस्था काय होती आठवतेय ना? आज गुजरातच्या चारही वितरण कंपन्यांना केंद्राच्या रेटिंगमध्ये कित्येक वर्षं ए प्लस मिळालंय, ते याच साहेब लोकांनी मिळवलं. चालत्या गाडीला खीळ कशाला.

मांजलपूरचा_वायरमन:
साहेब रेटिंग वसुली आणि गळतीवर मिळतं हो, खड्ड्यावर नाही मिळत.

मी लायनीवर काम केलंय, ठेकेदाराकडे. अर्थिंगचा खड्डा म्हणजे काय असतं तर पाइप उभा करायचा, बाजूने मीठ आणि कोळसा थराथराने भरायचा, मग पाणी. बिलात तीन मीटर पाइप. आम्ही पाइप मधून कापायचो, एका पाइपात दोन खड्डे, मिठाची गोणी एकच आणि ती पण वर वर दिसेल अशी टाकायची, फोटोत पांढरं दिसलं म्हणजे झालं. मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायची वही, लिहायला साहेब यायचे ते जीपमधून उतरायचे पण नाहीत, ऊन असतं ना. कंपनीचं नाव मी पण नाही सांगत, सगळीकडे हेच. आता बोर्डावर कोणीही बसवा, देव बसवा, तो खड्डा उकरून बघणार आहे का?

दांडियाबाजारी:
वायरमनभाऊ तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय, तुम्हाला माहीत नाही एवढंच. आमच्या वाड्यासमोर केबल टाकली, कोणाची ते जाऊ द्या, मी फूटपट्टी घेऊन खाली उतरलो, बायको वरून हसत होती. एक फूट दोन इंच खोल. खाली वाळू नाही वर वीट नाही, सरळ माती लोटली. दोन पावसाळ्यांत तीनदा उकरली.

मांजलपूरचा_वायरमन:
पाऊण मीटर लागते. साध्या लाईनच्या केबलला पण.

आकडेमोड:
मी सीए आहे, सरकारी कंपन्यांचं ऑडिट केलंय, त्यामुळे दोघांनाही थोडं टोचणार आहे.

डेप्युटी साहेब, बाहेरची माणसं ही दांडियाबाजारींची कल्पना नाही, कंपनी कायद्यातच आहेत. स्वतंत्र संचालक म्हणतात त्यांना. शेअर बाजारात नसलेल्या पब्लिक कंपनीलाही, भांडवल दहा कोटी किंवा उलाढाल शंभर कोटी झाली की असे किमान दोन नेमावे लागतात. पण २०१७ च्या जुलैमध्ये केंद्राने नियम बदलला, जी कंपनी पूर्णपणे दुसऱ्या कंपनीच्या मालकीची आहे तिला सूट. आता आपल्या वितरण कंपन्या कोणाच्या मालकीच्या? जीयूव्हीएनएलच्या, शंभर टक्के. म्हणजे हजारो कोटींचा व्यवहार असला तरी कायदा म्हणतो नको असतील तर नका नेमू. नेमायला बंदी नाही, सक्ती नाही. सूट खरं तर खासगी ग्रुपच्या छोट्या पोटकंपन्यांसाठी असावी असं वाटतं, तिच्याखाली अख्ख्या शहराची वीज आली.

दांडियाबाजारी, तुम्ही जुन्या दिवसांबद्दल काही बोलला नाहीत ते बरं केलंत, पण एक सांगते. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यात बोर्डावर तीन ते सात माणसं असायची आणि त्यात एक इलेक्ट्रिकल इंजिनियर, एक हिशेबातला आणि एक व्यापार-प्रशासनातला हवाच असं लिहिलेलं होतं. शिवाय सल्लागार परिषद वेगळी. २००३ च्या कायद्याने ग्राहक, कामगार, शेतकरी सगळ्यांना आयोगाच्या सल्लागार समितीत नेऊन बसवलं. म्हणजे आपण पैसे कंपनीला देतो आणि बोलायचं असेल तर आयोगाकडे गांधीनगरला जा. कागदावर चुकीचं काही नाही, फक्त जिथे सही होते त्या खोलीत आता आपलं कोणी नाही.

आणि कॅगने (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) ऑडिटर नेमलेला असतो, त्यावर कॅग स्वतः पुन्हा बघते, हे खरं आहे. पण कॅगचा रिपोर्ट विधानसभेत येईपर्यंत ठेकेदाराची अनामत परत गेलेली असते.

पुणेरी_जावई:
बडोद्याचा जावई म्हणून दोन शब्द. आमच्याकडे महाराष्ट्रात एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाचं जे झालं ते विसरू नका. टेंडर न काढता वाटाघाटीतून करार, १९९५ मध्ये सरकार बदललं, रद्द केला, मग पुन्हा बोलणी आणि नवा करार, तोही जास्त मेगावॉटचा. २००१ मध्ये प्लांट बंद आणि माधव गोडबोले समितीने बघितलं तोवर मंडळाचं कंबरडं मोडलेलं. तेव्हा एमएसईबीत (महाराष्ट्राच्या वीज मंडळात) बोर्डपण होतं, इंजिनियरपण होते, हिशेबवालेपण होते. आकडेमोडताई, कायद्यात लिहिलेली माणसं खुर्चीवर होती की. वरून निरोप आला की कायद्यातला इंजिनियर पण मान हलवतो. (सयाजीरावांच्या काळात असं नव्हतं हे कोणी लिहायच्या आत पळतो.)

मीटरवाला:
मी स्मार्ट मीटरच्या एका एजन्सीत आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. २०२४ च्या मे महिन्यात बडोद्यात स्मार्ट मीटरविरुद्ध जे झालं, मोर्चे वगैरे, ते मी जवळून बघितलंय, एका आजींनी मला दारातून पाणी दिलं आणि मीटर मात्र लावू दिला नाही. पण लोकांना कराराची पद्धत माहीत नाही. पैसे आधी एजन्सी घालते, मीटर, सिम, सॉफ्टवेअर सगळं, आणि वितरण कंपनी नंतर महिन्याला मीटरमागे पैसे देते. केंद्राकडून मीटरच्या खर्चाच्या पंधरा टक्के किंवा ९०० रुपये, जे कमी असेल ते. मीटरने डेटा पाठवला नाही तर आमचे पैसे कापतात. म्हणजे सही झाल्यावर कोणी बघत नाही हे इथे तरी लागू नाही, करारच असा आहे की दर महिन्याला हिशेब होतो.

दांडियाबाजारी:
मीटरवाले, चांगलं लिहिलंत, शिव्या नाहीत. एकच सांगा, किती मीटरनी डेटा पाठवला हा रिपोर्ट कोणाच्या सॉफ्टवेअरमधून निघतो?

मीटरवाला:
एजन्सीच्या. पण कंपनी कधीही तपासू शकते.

दांडियाबाजारी:
शकते. वायरमनभाऊंच्या जीपमधले साहेबपण खाली उतरू शकत होते.

निवृत्त_डेप्युटी:
हे बघ, टोमणे मार पण वायरमनची गोष्ट आणि मुंद्रा एका पोत्यात घालू नकोस. खड्ड्याची चोरी म्हणजे चोरी, त्याला बोर्ड लागत नाही, एक प्रामाणिक ज्युनियर इंजिनियर आणि जीपमध्ये डिझेल लागतं, आणि त्याच्याकडे तीन सबडिव्हिजनचा चार्ज नको. माझ्या हाताखाली मंजूर जागांच्या निम्मी माणसं होती, नवीन भरती होईना, मग तेच काम ठेक्यावर, आणि ठेक्यावर देखरेख करायला परत माणूस नाही. तुझे दोन बाहेरचे संचालक आणलेस आणि ही भरती नाही केलीस तर ते फक्त चांगले चहा-बिस्किटं खातील.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, आधी कबूल केली नव्हती. मोठं काम बोर्डात न्यायचं नसेल तर त्याचे तुकडे करायची पद्धत आहे, प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली. आणि एकदा काम दिलं की वाढीव कामाची मंजुरी खालीच होते, शंभरचं काम एकशे तीसला गेलं तरी बोर्डाला कळतं ते वर्षअखेरच्या एका टेबलात, बारीक अक्षरात. तिथे कोणी बाहेरचा बसून नुसतं एवढं विचारत असेल की हे तीस कशाचे, तर मी हरकत घेणार नाही.

आकडेमोड:
साहेब, हेच तर मी ऑडिटला मागायचे आणि फाईल कधी मिळायची नाही, "साईटवर आहे".

दांडियाबाजारी:
मग मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. आमच्या भागातल्या गेल्या तीन वर्षांतल्या केबलच्या कामांची वाढीव मंजुरी. काय लिहू?

निवृत्त_डेप्युटी:
"सर्व माहिती द्यावी" असं लिहू नकोस, उडवतील. वर्क ऑर्डर नंबर लिही, तो खांबाजवळच्या पाटीवर असतो, नसेल तर ठेकेदाराच्या माणसाला विचार. मेजरमेंट बुकाची झेरॉक्स माग, बिलाची नको. वाढीव मंजुरीवर कोणाची सही आहे ते वेगळ्या मुद्द्यात माग. व्यापारी गुपित म्हणाले तर सांग, काम झालंय, पैसे दिलेत, आता कसलं गुपित. फी वीस रुपये.

मांजलपूरचा_वायरमन:
आणि फूटपट्टी नको काका, टेप घ्या पाच मीटरचा. मी येतो रविवारी उकरायला.