मदत हवी आहे: दृष्ट काढते, पण नाही कुठं म्हणायचं?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरची, साखर पेठेत राहते. दृष्ट काढायला आज्जीनं शिकवलं, मीठ मोहऱ्या अन् सात लाल मिरच्या मुठीत धरून लेकरावरनं उतरवायच्या अन् मुकाट्यानं चुलीत टाकायच्या, ठसका लागला नाही की ती म्हणायची बघ केवढी लागली होती. शेजारच्या तेलुगू काकू कोहळा उतरवतात, त्यांची रीत त्यांची. आज्जीचे नियम मात्र कडक होते, पैसा घ्यायचा नाही, कुणाचं वाईट करायचं नाही, अन् ताप असला तर आधी डॉक्टर.

आता प्रॉब्लेम असा झालाय की परवा गल्लीतली एक जण लिंबू अन् टाचण्या घेऊन आली, जावेच्या दारात टाकायला काहीतरी करून द्या म्हणाली. मी सरळ नाही म्हटलं तर रडायलाच लागली, तिचं दुःख खरं आहे हो, पण माझा हातच उचलेना. दुसरी चार दिवस तापलेलं लेकरू घेऊन आली, दवाखाना केलाच नव्हता, मी मिरच्या बाजूला ठेवल्या अन् आधी तिला रिक्षात बसवलं. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तर साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र, गंडेदोरे केले तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

तुमच्या घरात असले नियम कसे पाळतात? अन् रडत आलेल्या बाईला न दुखावता नाही कसं म्हणायचं, प्लीज सांगा, ती उद्या परत येणारे.