मदत हवी आहे: ४० एचपी आऊटबोर्डचं स्टेअरिंग ढिलंही आहे आणि जडही

खाडीकाठ
देवबागची २० फुटी फायबर होडी, मागे ४० एचपी टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, पुढे चाक आणि केबल स्टेअरिंग. वापर कायम खाऱ्या पाण्यात. चाक जवळजवळ पाव फेरा फिरतं तरी इंजिन हलत नाही, आणि हलायला लागलं की भलताच जोर लागतो. वेग घेतला की चाक थरथरतं, हात सोडला तर होडी उजवीकडे ओढते. इंजिन टिल्ट करून (वर उचलून) स्केगला (इंजिनच्या अगदी तळाच्या पात्याला) धरून हलवलं तर टोकाला साधारण १० मिमी खेळ आहे. स्विव्हल ब्रॅकेटच्या (इंजिन ज्यात डावी-उजवीकडे वळतं त्या सांगाड्याच्या) निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीस आत जात नाही, गनच्या तोंडाशीच बाहेर पडतं. मेकॅनिकचं म्हणणं, अख्खा ब्रॅकेट बदला. १ ऑगस्टला मासेमारी बंदी उठायच्या आत काम उरकायचंय. नुसते बुश (शाफ्टभोवतीच्या झिजणाऱ्या बाह्या) बदलून भागेल का? आणि काय काय मागवून ठेवू?

पाना-१७
ब्रॅकेटची ऑर्डर थांबवा. आधी खेळ कुठे आणि जडपणा कुठे, हे वेगळं करा.

एकाने चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने इंजिन डावी-उजवीकडे ढकलायचं. नजर आधी लिंक रॉडच्या (केबल आणि इंजिन जोडणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवर, मग केबलच्या रॅमवर (टोकाच्या सरकत्या दांड्यावर). नंतर लिंक रॉड स्टेअरिंग आर्मपासून (इंजिन वळवणाऱ्या दांड्यापासून) सोडा. रिकामं चाक फिरवून बघा आणि इंजिन नुसत्या हाताने वळवून बघा. जे जड, त्यात दोष.

शेवटी स्केग हलवताना खालच्या माउंट हाउसिंग (इंजिन धरणाऱ्या रबरी माउंटचं घर) आणि स्विव्हल ब्रॅकेटच्या सांध्यावर बोट ठेवा. तिथे टकटक लागली तर बुश गेला. हाउसिंग स्थिर आणि इंजिनचा पायच हलतोय, तर माउंटचे रबर गेले. १० मिमी सगळा बुशचा नसतो, रबर थोडं देतंच.

खाडीकाठ
बघितलं. लिंक रॉडच्या बोल्टचं भोक लांबट झालंय, चाकाचा बराचसा खेळ तिथलाच. इंजिन हाताने वळवताना मध्येच अडकतं. टकटक खालच्या सांध्यावर आहे. रिकामं चाकही थोडं जडच.

पाना-१७
मग कोडं सुटलं. खालचा बुश झिजलाय म्हणून टकटक, आणि वरच्या बुशच्या मागे ॲल्युमिनियमची पांढरी पूड साचून तो शाफ्टवर आवळला गेलाय म्हणून जड. निपल चोंदला, ग्रीस पोचलं नाही, खारं पाणी आत राहिलं. या दुखण्यात ढिलं आणि जड एकत्रच येतं. ब्रॅकेटला भेग नसेल आणि शाफ्टवर बोटाला लागेल असा खड्डा नसेल तर ब्रॅकेट वाचतो.

काम असं: बॅटरी, पेट्रोलचा पाइप, गिअर आणि थ्रॉटलच्या केबल सोडा. लिफ्टिंग आयला चेन ब्लॉक लावून भार उचलून धरा. इंजिन सत्तर-पंचाहत्तर किलोचं असतं, दोन माणसांच्या भरवशावर राहू नका. वरच्या माउंटचे दोन नट, खालच्या माउंटचे दोन बोल्ट काढले की इंजिन ब्रॅकेटपासून मागे सुटतं. पॉवरहेड उघडायची गरज बहुतेक मॉडेलना पडत नाही.

आता खालच्या हाउसिंगखालचा सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढा. हाउसिंग शाफ्टच्या स्प्लाइनवर (दातेरी खाचांवर) बसलेलं असतं. काढायच्या आधी शाफ्ट आणि हाउसिंगवर मिळून एक खूण करा, नाहीतर बसवताना एक दात इकडेतिकडे होतो आणि इंजिन सरळ बसतच नाही. हाउसिंग निघालं की स्टेअरिंग आर्म शाफ्टसकट वर उचलला जातो. अडकला तर घण घालू नका. पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर ठेवा, मग ब्रॅकेटला बाहेरून हीट गनने शेक देऊन मऊ हातोड्याने ठोका. पेट्रोल आणि ऑइलची चिंधी आसपास नको.

जुने बुश काढल्यावर खरं काम सुरू होतं: बुश बसतो ती जागा पॉलिश पेपरने पूड जाईपर्यंत साफ करणं. हे टाळून नवा बुश ठोकला तर पहिल्या दिवसापासून तो आवळलेला. निपल काढून त्याचं भोक ड्रिल बिट हातात धरून मोकळं करा, ग्रीस बुशपर्यंत जातंय ते बघा.

मागवा: वरचा-खालचा बुश, त्यांचे वॉशर, ओ-रिंग किंवा सील, सर्क्लिप, निपल, लिंक रॉड आणि त्याचे नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे).

लेथवाला
बुश मिळायला वेळ लागत असेल तर टर्नरकडून गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) करून घ्या. आयुष्यभर टिकतील.

पाना-१७
बुश टिकेल, ब्रॅकेट टिकणार नाही. ॲल्युमिनियमच्या आत गनमेटल आणि भोवती खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणार. साधं नायलॉनही नको, ते पाणी पिऊन फुगतं आणि परत जड. टर्नरकडूनच करायचे तर डेलरिन (पाणी फारसं न पिणारं कडक प्लास्टिक) घ्या, शाफ्टला ०.१ ते ०.२ मिमी सैल. माप बुश ब्रॅकेटमध्ये दाबून बसवल्यावर घ्यायचं, कारण दाबल्यावर आतलं भोक आकसतं. ग्रॅफाइटचं ग्रीसही ॲल्युमिनियमजवळ नको, मरीन ग्रीसच भरा.

खाडीकाठ
आणि चाक? केबल बदलायची की ग्रीस भरून चालेल?

सुकाणू
टिल्ट ट्यूबवरचा (रॅम ज्यात सरकतो त्या नळीवरचा) मोठा नट सोडून रॅम बाहेर ओढा आणि चाक फिरवा. बाहेर असताना हलकं, तर दोष ट्यूबमध्ये: वाळलेलं ग्रीस ब्रशने खरवडून काढा, रॅम घासून नवं ग्रीस लावा. बाहेर असूनही जड, तर केबल आतून गंजली. ती दुरुस्त होत नाही, बाहेरून तेल सोडूनही उपयोग नाही, बदलायचीच.

लांबी केबलच्या जॅकेटवर छापलेली असते. पुसली असेल तर प्लास्टिक जॅकेट इंचात मोजा, रोटरी हेल्म (चाकामागची गोल गिअरपेटी) असेल तर १८ इंच आणि रॅक (सरळ दातेरी पट्टी) असेल तर ३० इंच मिळवा, आणि येणारं माप वरच्या पूर्ण फुटात घ्या. बसवताना कुठेही ८ इंच त्रिज्येपेक्षा लहान वळण नको.

ट्यूबच्या निपलला ग्रीस देताना रॅम पूर्ण आत घेतलेला असावा. बाहेर असताना गन मारली तर पुढे ग्रीस कोंडतं आणि स्टेअरिंग तिथेच लॉक होतं, भर समुद्रात नको ते. लिंक रॉडला साधा नट कधीही लावू नका, नायलॉकच, आणि एकदा काढलेला परत वापरायचा नाही. लिंक रॉडचा नट टेकेपर्यंत आवळून पाव फेरा मागे घ्यायची पद्धत बऱ्याच किटमध्ये असते, म्हणजे सांधा फिरता राहतो. तुमच्या किटचा कागद बघून घ्या.

उजवीकडे ओढणं हा झिजेचा दोष असेलच असं नाही. उजव्या फिरकीचा प्रोपेलर तसं ओढतोच. प्रोपेलरच्या वर, आडव्या प्लेटखाली जो छोटा पंख आहे त्याचा बोल्ट सैल करून पंखाचं मागचं टोक किंचित उजवीकडे वळवा आणि चाचणी घ्या. होडी ज्या बाजूला ओढते, त्याच बाजूला टोक. तो पंख जस्ताचा असेल तर रंग लावू नका, लावला की गंज अडवायचं त्याचं काम संपलं.

पुढे खाऱ्या पाण्यात दर दोन महिन्यांनी निपलना ग्रीस, जुनं पाणी मिसळलेलं ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर येईपर्यंत. येत नसेल तर निपल तेव्हाच काढून बघा.