'.भारत' डोमेन घेतल्याने विक्रीला फायदा होतो का?

पाकीटबंद: आमची विक्री .इन वरच्या साइटवरून चालते. पाकिटावर आणि पाटीवर नाव मात्र मराठीत आहे. तेच नाव .भारत मध्ये घेतलं तर गिऱ्हाईक वाढेल का? ईमेलही तिकडेच हलवायचा विचार आहे.

सर्व्हरवाला: डोमेन जरूर घ्या, ईमेल मात्र आहे तिथेच ठेवा. .भारत 2014 पासून चालू आहे आणि ब्राउझर ते नीट उघडतात. घोडं अडतं ते मेलपाशी. पत्त्यातलं नाव आणि डोमेन दोन्ही देवनागरीत असतील, तर वाटेतल्या प्रत्येक मेल सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ8 (इंग्रजीबाहेरच्या लिपीतले मेल पत्ते हाताळायची पद्धत) यावं लागतं. जीमेलला ते येतं, पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये 3.0 आवृत्तीपासून आहे. पण समोरच्याचा सर्व्हर जुना असेल तर तुमचं बिल थेट परत येईल. शिवाय कित्येक वेबफॉर्म असा पत्ता 'अवैध' म्हणून नाकारतात.

साइटचं काम सोपं आहे. देवनागरी नावाचं एक प्यूनीकोड रूप, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांतलं रूप असतं, 'एक्सएन' आणि दोन डॅशांनी सुरू होणारं. डीएनएस (नावावरून सर्व्हर शोधणारी यंत्रणा), एसएसएल सर्टिफिकेट (साइटच्या सुरक्षित जोडणीचा दाखला), पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (पैसे भरल्यावर साइटला कळवायचा पत्ता), सगळीकडे तेच रूप भरा. क्रोममधून पत्ता कॉपी केला की हेच लांबलचक रूप चिकटतं आणि गिऱ्हाइकाला ती लिंक फसवी वाटते. म्हणून छापील गोष्टींवर .भारत, पाठवायच्या लिंकमध्ये .इन.

पाकीटबंद: मग दोन्हीकडे तीच साइट ठेवू?

सर्व्हरवाला: नको. .भारत वरून .इन वर 301 रीडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचं तिकडे वळवणं) लावा, पानापानाला. दोन प्रती ठेवल्या तर सर्चमध्ये त्या एकमेकींच्याच आड येतात. .भारत आहे म्हणून गूगल वर चढवत नाही. खरा फायदा पाटी वाचून मराठीत टाइप करणाऱ्या माणसाचा, आणि तुमचं नाव दुसऱ्याच्या हाती न जाण्याचा.

लिपीकार: नोंदणीआधी शुद्धलेखन तपासा, इथेच जास्त घोळ होतात. 'मंदिर' आणि 'मन्दिर' ही दोन वेगळी डोमेन आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच, त्यामुळे लोक चुकून जे टाइप करतील तेही घेऊन ठेवा. नावात 'ऱ्य' किंवा 'ऱ्ह' असेल तर जास्त जपा. काही कीबोर्ड तिथे 'ऱ' टाकतात, काही 'र' नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखी, कोड वेगळे. जुनी सॉफ्टवेअर ते जोडचिन्ह गाळून टाकतात आणि 'ऱ्य' चा 'र्य' होतो. असं नाव शक्यतो टाळाच, एखादं छोटं रूप निवडा. अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोज तिन्हींवर टाइप करून पाहिल्याशिवाय पाकीट छापू नका.

हक्कराखण: ट्रेडमार्क नोंदला आहे का? कुणी तुमचं नाव आधीच अडवलं असेल तर आयएनडीआरपीखाली (.इन आणि .भारत नावांचे तंटे लवादाकडून सोडवायचे नियम) तक्रार करता येते. नाव तुमच्या मार्कशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि नोंदणी किंवा वापर दुष्ट हेतूने झाला आहे, हे तिन्ही दाखवावं लागतं. निकाल बाजूने लागला तर डोमेन रद्द होतं किंवा तुमच्या नावावर येतं. मार्क देवनागरीतही नोंदवा, लवादापुढे साम्य दाखवणं सोपं जातं.